छोट्या मूर्तीवरचा जुना रंग काढताना

भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमा जवळ आली की सातारा-सांगली भागातल्या आपल्या वस्त्यांत साफसफाई सुरू होते. भिंतींना चुना लागतो आणि फळीवरच्या बुद्धमूर्तीला, बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याला नवा रंग देण्याचे ठरते. यातल्या कितीतरी मूर्ती ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरून, गर्दीत मांडीवर सांभाळून आणलेल्या असतात. दरवर्षी हौसेने ऑइल पेंटचा एक हात द्यायचा, अशी अनेक घरांत पद्धत आहे. त्यामुळे काही वर्षांत थरावर थर चढतात. बाबासाहेबांच्या चष्म्याची काडी दिसेनाशी होते, खिशातले पेन बुजते, तथागतांच्या पापण्यांची रेघ भरून जाते. मग घरातले कोणीतरी म्हणते, सगळा रंग खरवडून काढू आणि नव्याने देऊ.

विचार चांगला आहे. परंतु सुरी आणि पॉलिश पेपर घेऊन ओट्यावर बसण्याआधी प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी जाणून घेणे आवश्यक आहे.

जुन्या रंगातले विष

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. रंग गडद आणि टिकाऊ व्हावा, लवकर वाळावा म्हणून ते घालत. पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत त्याचे प्रमाण पुष्कळदा जास्त असे. चीवराला आपण नेमके हेच रंग देत आलो आहोत. घरगुती रंगात दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग नसावेत, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचे थर संशयितच समजावेत.

शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. शिकण्याची शक्ती, लक्ष, वागणूक यांवर परिणाम होतो आणि झालेले नुकसान भरून येत नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या शरीरात जितके मुरते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात मुरू शकते. सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर भगिनींनी तर हे काम मुळीच करू नये; आईच्या रक्तातले शिसे गर्भापर्यंत पोहोचते.

म्हणून पहिला नियम : रंग कोरडा घासायचा नाही आणि गॅसवर किंवा दिव्यावर तापवायचा नाही. घासल्याने धूळ उडते, तापवल्याने विषारी धूर होतो.

आधी मूर्ती कशाची ते पाहा

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात भिजवू नये. ती पाणी पिते, मऊ पडते आणि नाक, बोटे झिजतात. रिमूव्हरही तिच्यात मुरतो. अशा मूर्तीचा सगळा रंग काढण्याच्या भरीस पडू नये. सुटलेले पोपडे तेवढे ओल्या फडक्याने टिपावेत, मूर्ती पूर्ण वाळू द्यावी आणि पातळ हात द्यावा. घट्ट बसलेला रंग तसाच राहू द्यावा, तो झाकलेलाच बरा.

पितळेच्या भरीव मूर्तीचा रंग मात्र पूर्ण काढता येतो. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ती काही तास ठेवावी. रंग फुगून सुटू लागला की लाकडी काडीने आणि जुन्या टूथब्रशने हलके काढावा. लोखंडी पाते लावू नये, चेहऱ्यावर ओरखडे उठतात. त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. कॉस्टिक सोडा घरात वापरूच नये. तो कातडी आणि डोळे जाळतो, ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर पेट घेणारा वायू तयार करतो.

प्लास्टिक किंवा फायबरच्या मूर्तीला थिनर लावल्यास मूर्तीच विरघळण्याची भीती असते. बैठकीच्या खालच्या बाजूला आधी साबणाचे कोमट पाणी लावून पाहावे. रंग सुटत नसेल तर तिथेच थांबावे.

बाजारातल्या काही पेंट रिमूव्हरमध्ये मेथिलिन क्लोराइड असते. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावलेली आहेत. अमेरिकेने २०१९ साली घरगुती ग्राहकांना असा रिमूव्हर विकण्यावर बंदी घातली. डब्यावर हे नाव दिसले तर तो डबा घरी आणू नये.

काम झाल्यावर

काम अंगणात, जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरून आणि मुलांना दूर ठेवून करावे. पोपडे कागदासकट पिशवीत बांधून घंटागाडीत द्यावेत. ते चुलीत घालू नयेत, ओढ्यात किंवा कृष्णेत टाकू नयेत. जागा ओल्या फडक्याने पुसावी, हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

आपली कितीतरी तरुण मुले रोजंदारीवर रंगकामाला जातात. त्यांच्यासाठी हा वर्षातून एकदाचा नव्हे, रोजचा प्रश्न आहे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क घालावा आणि तो मालकाकडे मागावा. घरी येताच आधी कपडे बदलावेत, ते वेगळे धुवावेत आणि मगच लेकराला उचलावे. पोटदुखी, थकवा असा त्रास सतत होत असेल तर डॉक्टरांना आपले काम काय ते सांगावे. रक्तातले शिसे तपासता येते.

श्रद्धा आणि समज

तथागतांच्या मुखावर ब्रश घासणे काही वडीलधाऱ्यांना पटत नाही. त्यांना नम्रपणे सांगावे की आपण मूर्तीला देव मानत नाही. ती आपल्याला विचारांची आठवण देते. बालभीम ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या विद्यार्थ्याची जयंती साजरी करताना आपल्याच घरातल्या विद्यार्थ्याच्या मेंदूला धोका पोहोचला, तर चकचकीत मूर्तीचा काय उपयोग?

यंदा महिला मंडळाच्या किंवा विहाराच्या बैठकीत हा विषय दहा मिनिटे जरूर घ्यावा. मूर्ती थोडी जुनी दिसली तरी चालेल. तिच्यासमोर वंदनेला बसणारी लेकरे निरोगी असली पाहिजेत.

जयभीम!