मोटारीखालचा डाग

मोटार रात्रभर अंगणांत उभी असावी आणि सकाळीं तिच्याखालीं ओला डाग दिसावा, हा अनुभव आतां पुष्कळ घरांस येतो. डाग प्रथम दिसतो तो अंगण झाडणारास, यजमानास नव्हे; आणि एकदां सडा पडला कीं पुरावाच नाहींसा होतो! डागावरून दोषाचें निदान करणें हें पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचें अनुमान करण्यासारखें आहे. मात्र हेत्वाभास आधीं ओळखले पाहिजेत.

तुमसर तालुक्यांतील आमच्या सिहोऱ्याकडे मोटार गार राखणाऱ्या यंत्राचें पाणी वैशाखाच्या कोरड्या झळांत थोडें व श्रावणांत पुष्कळ ठिबकतें. तें हवेंतलेंच बाष्प. रंग नाहीं, वास नाहीं, भय नाहीं.

इंजिन थंड राखणारें हिरवें वा गुलाबी पाणी मात्र गोडसर असतें. त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल हें विष असतें. कुत्र्यानें तें चाटलें तर मूत्रपिंडें निकामी होऊन तें दगावतें. मुलांनाही तेथें फिरकूं देऊं नये.

शोध घ्यावयाचा तर इंजिनाचा खालचा भाग स्वच्छ पुसून रात्रीं पांढरा पुठ्ठा अंथरावा. गळती डागाच्या नेमकी वरच असते असें नाहीं. धावतांना वाऱ्यानें तेल मागें सरकतें. म्हणून सर्वांत उंच व सर्वांत पुढची ओल शोधावी.

चाकाच्या आंतल्या बाजूस पातळ, बुळबुळीत, पिवळसर ओल आढळली, तर ती ब्रेकची समजावी. मग मोटार जागची हलवूं नये. मिस्त्रीस तुमसरहून बोलवावें लागलें तरी चालेल.