आग बाहेर, पाणी आत

गॅस गिझरमुळे सकाळची धावपळ सोपी झाली. पण त्यातून निघणारा वायू जातो कुठे, याचा विचार किती घरांत होतो?

दिवाळीची पहाट. बाहेर अजून अंधार आणि हवेत गारवा. घरातल्या पाच-सहा जणांची अभ्यंगस्नाने उजाडण्यापूर्वी उरकायची आहेत. थंडी वाजते म्हणून बाथरूमची खिडकी घट्ट लावून घेतलेली. भिंतीवरचा गॅस गिझर एकामागून एक बादल्या भरतो आहे. पहिले दोघे-तिघे न्हाऊन बाहेर येतात. नंतर आत गेलेल्या मुलीचे दार मात्र उघडत नाही. हाका मारल्या तरी उत्तर येत नाही आणि शेवटी दार तोडावे लागते.

अशा बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात आणि होळीच्या सुमारास वर्तमानपत्रांत येतात. वाचणाऱ्याला वाटते, गॅस गळला असेल. पण अशा बऱ्याच घटनांत गॅस गळलेला नसतो. तो जळत असतो, पण पुरेशी हवा न मिळाल्यामुळे अर्धवट जळत असतो.

वास न येणारे विष

सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती लगेच कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. त्यामुळे ‘वास आला तर कळेलच’ असे आपण गृहीत धरतो. पण गॅस जळला की ते रसायनही जळून जाते. अर्धवट जळण्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत.

हा वायू श्वासातून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो. ऑक्सिजनच्या तुलनेत त्याची ही पकड दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन कमी कमी पोहोचतो. आधी डोके जड होते, मळमळते, गरगरते. मग पायांतले बळ जाते. काहीतरी बिघडले आहे हे उमगेपर्यंत कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

दहा मिनिटांचा हिशेब

चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये सुमारे ५,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला सहा लिटर पाणी चांगले तापवणारा गिझर स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम पेटवल्याइतका गॅस जाळतो. त्याला दर मिनिटाला साधारण २०० लिटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत २,००० लिटर, खोलीतल्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक! तीच हवा आत न्हाणाऱ्या माणसालाही हवी असते. ऑक्सिजन घटला की ज्योत बिघडते, आणि ज्योत बिघडली की विषारी वायू वाढतो.

हा दोष गिझरच्या जन्मापासूनचा आहे. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर झटपट पाणी तापवणारे यंत्र तयार केले आणि आइसलंडमधल्या उष्ण कारंज्यावरून त्याला ‘गिझर’ नाव दिले. त्या पहिल्या गिझरला जळका वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती.

आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवून पाहा. त्याच्या मधोमध धूर वर नेणारा नळ असे. बंब बहुधा अंगणात किंवा मागील दारी पेटे आणि न्हाणीघरात फक्त कढत पाण्याची बादली जाई. गॅस गिझरलाही हाच नियम लावायचा: आग बाहेर, पाणी आत.

गिझर कुठे लावाल?

सर्वांत चांगली जागा म्हणजे बाथरूमबाहेरची मोकळी बाल्कनी किंवा बाहेरची भिंत. तिथून गरम पाण्याचा पाइप आत घ्यावा. मात्र बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल, तर तीही एक खोलीच झाली. तिथली एक काच कायम उघडी हवी.

गिझर घरातच लावायचा असेल, तर नळी असलेलाच घ्या. नळी वरच्या दिशेने जावी, तिला कमीत कमी वळणे असावीत आणि तिचे तोंड थेट मोकळ्या हवेत उघडावे. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये सोडलेला वायू वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या खिडकीतून आत जाऊ शकतो. नळीत पक्ष्यांनी घरटे तर केले नाही ना, हेही पाहावे. फ्रेंच लेखक एमिल झोला यांचा १९०२ मध्ये पॅरिसच्या राहत्या घरी मृत्यू झाला, तोही धुराड्याची वाट बंद झाल्याने कोंडलेल्या याच वायूमुळे.

एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झाले, असे समजू नका. बाहेरची हवा आत यायला दाराच्या खाली झडप नसेल, तर पंखा हवा ओढणार कुठून? साध्या नळीचा गिझर असेल, तर असा पंखा नळीतला वायू उलटा खोलीत खेचू शकतो.

या गोष्टी जमण्यासारख्या नसतील, तर विजेचा किंवा सौर हीटर घेणेच शहाणपणाचे.

गिझर आधीच बाथरूममध्ये असेल तर

गिझर हलवेपर्यंत एक सवय कसोशीने पाळा. दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला जा. गिझर चालू असताना आत न्हाऊ नका. दोन आंघोळींच्या मध्ये काही मिनिटे दार उघडे ठेवा. दाराला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवा.

वर्षातून एकदा, थंडीपूर्वी, जाणकार मेकॅनिककडून गिझर साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली किंवा गिझरवर काजळी धरली, तर तो वापरू नका. कार्बन मोनॉक्साईड ओळखणारा अलार्म बाजारात मिळतो. घेताना नीट विचारा, कारण गॅसगळती ओळखणारा अलार्म वेगळा असतो.

कोणी बेशुद्ध पडले तर

त्या व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत आणा. दार-खिडक्या उघडा, गिझर बंद करा आणि स्वतः आत रेंगाळू नका. बहुतेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा. नाहीतर ही नुसती चक्कर किंवा फिटची आकडी समजली जाण्याचा संभव असतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. त्याला या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलेच वाटते, म्हणून आकडा चांगला दिसतो.

साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. इस्पितळात शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तेच काम साधारण तास-दीड तासात होते. गर्भवती स्त्रीला थोडीशी चक्कर आली तरी तिला दाखवायलाच हवे, कारण पोटातल्या बाळाला धोका अधिक असतो.

आंघोळीनंतर घरातल्या कोणाचे वारंवार डोके दुखत असेल, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडून देण्याआधी बाथरूमच्या भिंतीकडे एकदा नजर टाका.