नको त्या आवाजाचा पत्ता

6080 हा व्हॉल्व्ह गाणं ऐकण्यासाठी बनलाच नव्हता. पॉवर सप्लायमधलं व्होल्टेज स्थिर राखायचं, हे त्याला नेमून दिलेलं काम. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने 1940च्या दशकात 6एएस7जी नावाचा व्हॉल्व्ह काढला. 6080 ही त्याचीच औद्योगिक वापरासाठी मजबूत केलेली आवृत्ती. आत दोन ट्रायोड. फिलामेंटला 6.3 व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात, म्हणजे नुसतं तापण्यातच जवळजवळ 16 वॅट खर्ची पडतात. ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर मात्र अवघा 2. सिग्नल मोठा करायच्या कामी हा गडी बिनकामाचा. पण त्याचा आतला रोध 280 ओहमच्या आसपास आणि करंट द्यायची ताकद भरपूर. तीनशे ओहमचा हेडफोन मध्ये ट्रान्सफॉर्मर न घालता थेट चालवायचा, तर नेमकं हेच हवं असतं.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर वगळण्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ज्युलियस फटरमन यांनी 1950च्या दशकात असे ‘ओटीएल’ ॲम्प्लिफायर स्पीकरसाठी मांडले. आठ ओहमच्या स्पीकरला करंट पुरवताना व्हॉल्व्हची दमछाक होते. हेडफोनच्या बाबतीत तो प्रश्नच फारसा उरत नाही. म्हणून ओटीएलला खरं घर मिळालं ते हेडफोनवाल्यांकडे. अमेरिकेतल्या बॉटलहेड कंपनीचं ‘क्रॅक’ हे किट त्याचा सगळ्यांत ओळखीचा नमुना. सुटे भाग घरी येतात, सोल्डरिंग आपण करायचं. पुढे 12एयू7 हा छोटा जुळा ट्रायोड सिग्नल वाढवतो, मागचा 6080 करंटचं ओझं उचलतो, आणि शेवटच्या मोठ्या कंडेन्सरमधून गाणं हेडफोनपर्यंत पोचतं. युरोपात याच 12एयू7ला ईसीसी82 म्हणतात.

इतकं साधं सर्किट, तरी वापरणाऱ्यांची तक्रार जवळपास ठरलेली: गुणगुण येते, खरखर येते, एका कानात काहीतरी वाजतं. त्यावरचा उपायही ठरलेला: नवे, महागडे व्हॉल्व्ह मागवणं. बहुतेक वेळा हा उपाय चुकतो, कारण दोष व्हॉल्व्हमध्ये नसतोच. नको तो आवाज बारकाईने ऐकला, तर तो आपला पत्ता स्वतःच सांगतो.

आधी कान, मग पाना

पहिली परीक्षा फुकटची आहे. गाणं बंद ठेवा आणि व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर न्या. आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल, तर तो कंट्रोलच्या आधी शिरतोय: डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र), लॅपटॉप किंवा जोडणीच्या वायरी. व्हॉल्यूम कुठेही असला तरी आवाज तेवढाच राहत असेल, तर दोष ॲम्प्लिफायरच्या पोटात. कंट्रोल फिरवतानाच चरचर होत असेल, तर त्याचा आतला पट्टा घासला किंवा मळला आहे, किंवा आधीच्या टप्प्यातला कंडेन्सर गळत असून डीसी तिथपर्यंत पोचतोय.

दुसरी परीक्षा अदलाबदलीची. आवाज डाव्याच कानात आहे ना? मग मागच्या आरसीए वायरी डाव्या-उजव्या उलट करा. आवाज उजवीकडे गेला, तर चोर बाहेरचा. तिथेच राहिला, तर चोर घरातला. ज्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही बाजूंना वेगळे व्हॉल्व्ह असतात, तिथे तेही एकमेकांच्या जागी बसवून पाहता येतात. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

तिसरी खूण स्वराची. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. पोटातून आल्यासारखी खोल, गोल घूं ऐकू आली, तर ती 50 हर्ट्झची: फिलामेंटचा एसी करंट कॅथोडकडे झिरपतोय, किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सिग्नलच्या वायरीला भिडतंय. फिलामेंटच्या दोन्ही वायरी घट्ट पिळून चॅसीच्या कडेने नेणं आणि फिलामेंटला थोड्या डीसी व्होल्टेजचा आधार देणं, हे त्यावरचे जुने, हमखास उपाय. त्याहून टोकदार, भुणभुणल्यासारखा आवाज बहुधा 100 हर्ट्झचा. रेक्टिफायर एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा सरळ करतो, म्हणून ही वारंवारिता दुप्पट. फिल्टरचे कंडेन्सर थकले, की ही भुणभुण वाढते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर 10 अंश सेल्सिअस वाढीमागे साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे; आणि इथे तर शेजारी 16 वॅटची भट्टी पेटलेली असते.

ही परीक्षा शांततेतच करावी. ख्यालाचं रेकॉर्डिंग लावून बसलं, तर तानपुऱ्याच्या आसेत गुणगुण बेमालूम लपते.

तीन पिनांमधली तिसरी

आपल्याकडच्या घरांत सगळ्यांत जास्त गोंधळ घालते ती अर्थिंग. भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायर असेलच, याची खात्री नसते. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून बघून घ्यावं: फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230च्या आसपास व्होल्ट, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन. फेज-अर्थमध्ये 70 किंवा 110 असा भलताच आकडा दिसला, तर अर्थची वायर बहुधा कुठेच पोचलेली नाही.

मग काय होतं? दोन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवला, की बोटांना झिणझिण्या येतात. चार्जरमधल्या छोट्या कंडेन्सरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येत असतो, त्याचा हा परिणाम. लॅपटॉप यूएसबीने डॅकला आणि डॅक वायरीने ॲम्प्लिफायरला जोडला, की तोच करंट वायरीच्या जाळीतून वाट काढतो आणि कानात भुणभुण होऊन उतरतो. खात्री करायला चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर व्हॉल्व्ह निर्दोष. अर्थिंग दुरुस्त करणं आणि सगळी यंत्रं एकाच पट्टीवर घेणं, यावर बहुतेकांचं भागतं. डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल नेली, तर विजेचा संबंधच तुटतो.

अर्थची पिन कापून टाकली की गुणगुण थांबते, हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. या यंत्रात शे-दोनशे व्होल्टचा डीसी असतो. आतली एखादी वायर सुटून चॅसीला टेकली, तर हेडफोन घातलेल्या माणसाला वाचवणारी ती एकच वायर आहे.

मधूनच ‘टर्र-टर्र’ असा तालात आवाज आला, तर टेबलावरचा मोबाइल उचलून लांब ठेवा. टूजी फोन सेकंदाला 217 वेळा रेडिओचे ठोके देतो आणि व्हॉल्व्हची ग्रिड ते इमानाने पकडते. ग्रिडच्या पिनेला चिकटून एखाद-दोन किलोओहमचा रेझिस्टर लावला, की ही वाट बरीचशी बंद होते.

टिचकी आणि मळ

व्हॉल्व्ह खरोखर दोषी असतो तेव्हा तो वेगळ्या भाषेत बोलतो. हेडफोन कानावरून उतरवून गळ्यात ठेवा, व्हॉल्यूम कमी करा आणि लाकडी पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकाने 12एयू7च्या काचेला हलकी टिचकी मारा. नुसता ‘टक्’ आला तर ठीक. थोडाफार प्रत्येक व्हॉल्व्ह देतोच. घंटेसारखा ‘टण्ण’ आवाज येऊन घुमत राहिला, तर आतली ग्रिड सैल आहे आणि ती मायक्रोफोनचं काम करते आहे. काचेवर सिलिकॉनची रिंग चढवून किंवा यंत्राखाली मऊ पाय लावून ती थोडी शांत होते. फारच घुमत असेल, तर तो व्हॉल्व्ह बदलावा. 6080ला बोट लावायच्या फंदात पडू नये, सरळ फोड येतो.

टिचकीसरशी खरखर झाली किंवा एक बाजू गेली-आली, तर बहुधा दोष काचेत नसून पिनेत असतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तर पिना लवकर काळवंडतात. यंत्र बंद करून, प्लग काढून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या आणि व्हॉल्व्ह बेसमध्ये चार-सहा वेळा घालून काढायचा. तेवढ्यानेही थांबलं नाही, तर बेसच्या खालचं ड्राय सोल्डर शोधावं लागतं. झाकण उघडण्याआधी मोठे कंडेन्सर रेझिस्टर लावून उतरवायचे आणि मीटरवर शून्य पाहायचं. प्लग काढला म्हणजे वीज गेली, असं इथे नसतं.

ज्याचा त्याचा हेडफोन

सगळं नीट करूनही सूं असा बारीक आवाज राहतो. तापलेल्या कॅथोडवरून इलेक्ट्रॉन सुटे सुटे, अनियमित निघतात; ती सूं व्हॉल्व्हच्या स्वभावातच आहे. ती ऐकू येते की नाही, हे हेडफोन ठरवतो. कानात घालायचे 16 ओहमचे नाजूक इअरफोन लावले तर ती स्पष्ट ऐकू येईल. सेनहायझर एचडी 600सारख्या 300 ओहमच्या हेडफोनवर ती जवळपास नाहीशी होते.

हेडफोन पारखून निवडण्याचं दुसरं कारण आउटपुट इम्पीडन्स. क्रॅकमध्ये तो साधारण 120 ओहम धरतात. त्यावर 32 ओहमचा हेडफोन जोडला, तर सिग्नलच्या पाचातला जेमतेम एक भाग हेडफोनच्या वाट्याला येतो. बाकीचा आतच राहतो. एचडी 600चा इम्पीडन्स खालच्या स्वरांत 500 ओहमच्या आसपास चढतो, त्यामुळे तिथे त्याला सुमारे एक डेसिबल जास्त मिळतो. पखवाज किंवा डग्गा या जोडीवर अंमळ भरदार वाटतो तो यामुळे. व्हॉल्व्हचा ‘उबदार’ आवाज म्हणून जे मिरवलं जातं, त्यातला काही हिस्सा या साध्या भागाकाराचा आहे.

याच क्रॅकसाठी ‘स्पीडबॉल’ नावाची सुधारणा मिळते. ती रेझिस्टर काढून त्यांच्या जागी ट्रान्झिस्टरची स्थिर करंट देणारी सर्किटं बसवते. व्हॉल्व्हचं काम सरळ रेषेत होतं आणि सप्लायमधली गुणगुण सिग्नलमध्ये कमी उतरते. सोवळं पाळणाऱ्यांना हे रुचत नाही, पण व्हॉल्व्ह सुधारायला ट्रान्झिस्टर उपयोगी पडतो, एवढं खरं.

खर्च कोणत्या क्रमाने

व्हॉल्व्हचा बाजार अजून जिवंत आहे. स्लोव्हाकियातली जेजे, रशियातल्या सारातोवचा कारखाना आणि चीन इथून 12एयू7च्या जातीचे नवे व्हॉल्व्ह येतात. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. त्या पिढीचे नग आजही जुन्या मालात हाती लागतात. एकाच जातीचे वेगवेगळे व्हॉल्व्ह लावून ऐकण्यात गंमत आहे, फरकही असतो. पण तो फरक बारीक असतो आणि गुणगुणीच्या खाली सहज गाडला जातो.

म्हणून क्रम असा: आधी अर्थिंग, मग पिना आणि सोल्डर, मग सप्लायचे कंडेन्सर, मग यंत्राला साजेसा हेडफोन, आणि व्हॉल्व्ह सगळ्यांत शेवटी. पहिल्या दोन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, आणि बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. रोजच्या व्हॉल्यूमवर, गाणी थांबलेली असतानाही काही ऐकू येत नसेल, तर दुरुस्ती संपली असं समजावं. कंट्रोल शेवटपर्यंत नेऊन कानात प्राण आणून ऐकलं, तर सूं येणारच. तिच्यामागे लागून सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापवण्यात अर्थ नाही.