ठाणेदार नसतो तेव्हा ठाणे कोणाचे?

पोलिसांतल्या नेतृत्वाची चर्चा निघाली की ती पोलीस अधीक्षकाच्या केबिनपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. एसपी चांगला तर जिल्हा चांगला! पण हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या दलित वस्तीवर रात्री अकराला जमाव चालून आला, तर आमचा माणूस एसपीकडे जात नाही. तो गोरेगाव, कुरुंदा, आखाडा बाळापूर असे जे जवळचे ठाणे असेल ते गाठतो. टेबलामागे असतो एक हवालदार. तो म्हणतो, "साहेब येऊ द्या, मग बघू." साहेब कधी बंदोबस्तात असतात, कधी तालुक्याला बैठकीत. चळवळीतल्या कोणत्या कार्यकर्त्याने हे वाक्य ऐकलेले नाही?

आमचे म्हणणे असे की त्या घटकेला तो हवालदारच साहेब असतो. हे आमच्या मनातले नाही, कायद्यातले आहे. ठाण्याचा प्रभारी अधिकारी गैरहजर असेल तर त्याच्या खालोखाल दर्जाचा, शिपायाहून वरचा जो कोणी हजर असेल तोच प्रभारी, हे फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर गुन्हा नोंदलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात बजावले. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा, असा 1995 च्या नियमांतला नियम 7 आहे. पण तो तपासाचा नियम आहे. फिर्याद लिहून घ्यायला डीवायएसपीची गाडी येण्याची वाट पाहा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तरी नेमका हाच नियम पुढे करून फिर्यादीला ओट्यावर बसवून ठेवले जाते.

वरच्याची परवानगी हा रोग किती खोल आहे पाहा. कराडच्या प्रकरणातून निघालेल्या महाजन निकालाने 20 मार्च 2018 रोजी प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वी वरिष्ठांच्या मंजुरीची अट घातली. देशभर समाज रस्त्यावर उतरला, संसदेने त्याच वर्षी कलम 18-अ आणून ती अट काढली. कायद्यातून गेलेली परवानगी ठाण्यातल्या टेबलावरून मात्र गेली नाही.

प्रकाश सिंह खटल्याचा निकाल 22 सप्टेंबर 2006 चा. पोलिसांना राजकीय हस्तक्षेपापासून वाचवण्यासाठी महासंचालकापासून ठाणेदारापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ त्यात सांगितला गेला. ठाणेदाराच्या खालच्यांच्या कार्यकाळाबद्दल शब्द नव्हता. त्यानंतर सातच दिवसांनी, 29 सप्टेंबरला, खैरलांजी घडले. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन. खबर त्याच संध्याकाळी आंधळगाव ठाण्यापर्यंत पोचली होती. गुन्हा नोंदला गेला दुसऱ्या दिवशी. नंतर पोलीस निलंबित झाले, चौकशा झाल्या. पण ती रात्र कोणाला परत आणता आली?

अस्पृश्यांना पोलिसांत घेत नव्हते त्या काळात बाबासाहेब स्टार्ट समितीवर होते, आणि 1930 च्या तिच्या अहवालाने पोलीस भरतीचे दार ठोठावले. आज आपली मुले-मुली खाकीत आहेत. हिंगोलीतच राज्य राखीव दलाचा गट क्रमांक 12 आहे. पण ठाण्यातल्या आपल्या हवालदाराची कोंडी वेगळीच. त्याने तत्परतेने फिर्याद घेतली तर "जातवाल्याची घेतली" हा शेरा ठरलेला. म्हणून तोच सर्वांत जास्त कचरतो. त्याला नुसते शूर हो म्हणून सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पाठीशी अधीक्षकाचा लेखी आदेश हवा : अंमलदाराने फिर्याद नोंदवावी, वरिष्ठाला नंतर कळवावे, आणि त्यापायी बदली होणार नाही. फिर्याद न घेणाऱ्या लोकसेवकाला कलम 4 खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. फिर्याद घेणाऱ्याला संरक्षण कुठे आहे?

1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली वेगळा झाला तो प्रशासन लोकांच्या जवळ यावे म्हणून. पाच तालुक्यांचा छोटा जिल्हा. इथे असा आदेश काढायला मुंबईला विचारण्याची गरज नाही. नियम 17 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती आहे, अधीक्षक तिचे सदस्य आहेत आणि तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक घेणे बंधनकारक आहे. तिथे आपले सदस्य दाखल गुन्ह्यांचा आणि अर्थसाहाय्याचा आकडा विचारतात, ते योग्यच. पुढच्या बैठकीत त्यांनी प्रत्येक गुन्ह्यापुढे दोन वेळा मागाव्यात : फिर्यादी ठाण्यात आला किती वाजता, आणि गुन्हा नोंदला किती वाजता.