उसना नायक, आपली गोष्ट

मुलांनो, एखादी आवडती गोष्ट वाचून संपली की चुटपुट लागते ना? पुढे काय झालं असेल, हे डोक्यातून जात नाही. मग आपणच मनातल्या मनात पुढचा भाग रचू लागतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याहून थेट आपल्या गावच्या जत्रेत येतो आणि चोर पकडून देतो! माझ्या वर्गातली काही मुलं अशा गोष्टी वहीच्या मागच्या पानांवर लिहितात आणि मी जवळ गेले की पटकन वही झाकतात. त्यांना वाटतं, बाई म्हणतील, "ही तर नक्कल!"

दुसऱ्याच्या नायकावर हौसेने लिहिलेल्या अशा गोष्टींना हल्ली 'फॅन फिक्शन' म्हणतात. नाव नवं असलं तरी छंद फार जुना आहे. उसन्या नायकापासून सुरुवात करणाऱ्या चार भावंडांची ही हकिगत ऐका.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथे ब्राँटे नावाचे धर्मगुरू राहत. त्यांच्या मुलांची आई १८२१ साली वारली. १८२५ मध्ये दोन मोठ्या बहिणीही गेल्या. उरली चौघं : शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि धाकटी ॲन. मावशी त्यांना सांभाळायची.

जून १८२६ मध्ये वडिलांनी लीड्स शहरातून ब्रॅनवेलसाठी खेळण्यातल्या शिपायांची पेटी आणली. आत बारा शिपाई! दुसऱ्या दिवशी सकाळी भावंडांची झुंबड उडाली. दहा वर्षांच्या शार्लटने एक शिपाई उचलला आणि जाहीर केलं, हा माझा ड्यूक ऑफ वेलिंग्टन! ब्रॅनवेलने आपल्या शिपायाला नेपोलियन बोनापार्टचं नाव दिलं. हा वेलिंग्टन आपल्याही इतिहासात भेटतो बरं का! १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला आणि इंग्लंडातल्या पोराटोरांचा तो नायक झाला.

खेळता खेळता शिपायांच्या गोष्टी तयार झाल्या. शिपायांसाठी मुलांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 'ग्लास टाउन', म्हणजे काचनगर वसवलं. मग शिपायांना वाचायला पुस्तकं नकोत का? चौघं 'ब्लॅकवुड्स' नावाचं मोठ्यांचं मासिक आवडीने वाचत. त्याच धर्तीवर शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी शिपायांचं मासिक काढलं. अनुक्रमणिका, कविता, अगदी जाहिरातीसुद्धा! साखरेच्या पुड्यांचा वगैरे कागद कापून ते पुस्तकं शिवत. अक्षर छापल्यासारखं आणि मुंगीएवढं. चौदाव्या वर्षी शार्लटने लिहिलेला एक अंक जेमतेम आगपेटीएवढा आहे. पानं फक्त वीस, पण शब्द चार हजारांहून जास्त! २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात हा अंक ६ लाख युरोंची बोली लावून हॉवर्थच्या ब्राँटे संग्रहालयाने मिळवला. आता तो त्या भावंडांच्या घरी परत आला आहे, कारण संग्रहालय त्यांच्याच घरात आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. लिहिता लिहिता शार्लटचा वेलिंग्टन मागे पडला. तिला त्याच्या मुलामध्ये जास्त रस वाटू लागला. खऱ्या वेलिंग्टनलाही मुलगा होता, पण शार्लटने आपल्या मनाने त्याचं रूप पार बदललं. त्याला झामोर्ना हे नाव दिलं आणि एका नव्या राज्याचा राजा केलं. राज्याचं नाव 'अँग्रिया'. कोकणातल्या मुलांचे कान टवकारले ना? सरखेल कान्होजी आंग्र्यांना इंग्रज 'अँग्रिया'च म्हणत! इकडे एमिली आणि ॲन यांनी 'गोंडाल' नावाचं आपलं वेगळं राज्य थाटलं.

शार्लट मोठी होऊन शाळेत शिकवू लागली, तरी अँग्रिया काही सुटेना. ती डोळे मिटून कागदावर लिहीत बसे आणि विद्यार्थिनी चकित होऊन बघत राहत. कुणी धडा घेऊन आलं की तिचा संताप व्हायचा. (मी शिक्षिका आहे, तेव्हा यावर जास्त बोलत नाही!) १८३६ च्या शेवटी तिने रॉबर्ट साउदी या प्रसिद्ध कवीला आपल्या कविता पाठवल्या. त्यांचं उत्तर आलं, साहित्य हा बाईच्या आयुष्याचा उद्योग होऊ शकत नाही आणि होऊही नये. किती लागलं असेल तिला! पण तिची लेखणी काही थांबली नाही.

दुसरी अडचण मात्र तिची तिलाच सोडवायची होती. अँग्रियाची माणसं तिला सख्ख्या मित्रांसारखी झाली होती. त्यांच्याबद्दल लिहिणं सोपं होतं, कारण ती सगळी ओळखीची. पण आयुष्यभर तिथेच राहायचं का? १८३९ च्या सुमाराला तिने अँग्रियाचा निरोप घेणारा मजकूर लिहिला. जड मनाने लिहिला, पण लिहिला.

१८४७ मध्ये तिची 'जेन एअर' ही कादंबरी आली. लेखकाचं नाव होतं करर बेल. बाईने लिहिलंय म्हणून लोकांनी आधीच नाक मुरडू नये, म्हणून हे टोपणनाव. तिच्यात सरदार नाही की सेनापती नाही. नायिका आहे एक गरीब, दिसायला साधी, पण स्वाभिमानी शिक्षिका. त्याच वर्षी एमिलीची 'वदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' याही कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. आज पावणेदोनशे वर्षांनंतरही जगभर या कादंबऱ्या वाचल्या जातात.

म्हणून वही झाकू नका. आवडत्या नायकाला खुशाल उसनं आणा, मात्र तीन गोष्टी पाळा. पहिली, तो मूळ कोणत्या लेखकाचा, हे वर स्पष्ट लिहा. उसनं घेतलं हे सांगितलं की ती चोरी राहत नाही. दुसरी, त्याला तुमच्या ओळखीच्या जागी आणा. तुमची नदी, तुमचा एसटी स्टँड, तुमचा बाजार त्याला दाखवा. तिथलं वर्णन तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार? तिसरी, लिहिलेलं भावंडांना किंवा मित्रांना मोठ्याने वाचून दाखवा. कुठे कंटाळा येतो ते त्यांच्या चेहऱ्यावर लगेच कळतं.

असं लिहिता लिहिता एक दिवस गोष्टीत एखादी मुलगी येईल, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. तिला नाव द्या आणि पुढची गोष्ट तिची लिहा. मग, कधी उघडताय वही?