घरचं आहे ना, मग चालतं!

हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शुक्रवारच्या रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. दौलताबादचा किल्ला मागे टाकायचा, घाट चढायचा आणि जवळपास 25 किलोमीटर चालून पहाटे भद्रा मारुतीचं दर्शन घ्यायचं, हा अनेक घरांचा नेम आहे. बरोबरच्या पिशव्यांत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असते. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी, भगर असते. रोजच्या संध्याकाळी चार वाजता पोरांना भूक लागली की याच घरांत सुशीला, फोडणीचा भात, भाकरी-ठेचा असं पटकन होणारं काहीतरी पुढ्यात येतं.

या साध्या खाण्याला तोड नाही, हे खरं. पण त्याच्याभोवती समजुतींचं जे जाळं विणलं गेलंय, त्यातल्या काही निव्वळ गमतीच्या आहेत, तर काही थेट दवाखान्यात नेणाऱ्या. सगळ्यांच्या मुळाशी एकच वाक्य असतं: ‘घरचं आहे ना, मग चालतं!’ म्हणून एकेक समजूत तपासून पाहू.

गैरसमज: साबुदाण्याची खिचडी जुन्या परंपरेतली, म्हणून हलकी आणि पौष्टिक.

वस्तुस्थिती: आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदातल्या पिठूळ भागापासून बनतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर-मलायाकडून येणारा साबुदाणा बंद पडला, तेव्हा तमिळनाडूत सेलमला तो बनवायला सुरुवात झाली आणि आजही या धंद्याचं मुख्य ठाणं तेच आहे. खिचडीतली हिरवी मिरची, शेंगदाणे आणि बटाटा यांचंही मूळ अमेरिका खंडातच. म्हणजे जिरं, मीठ आणि तूप बाजूला ठेवलं, तर उपवासाच्या ताटलीतलं बाकी सगळं कोलंबसानंतरचं आहे. त्यामुळे उपवास मोडत नाही, पण ‘पूर्वापार’ हा शब्द जपून वापरावा.

पौष्टिकतेचं म्हणाल, तर 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमही नसतात. खिचडीला जो काही कस येतो तो दाण्याच्या कुटामुळे. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणून वाटीभर साबुदाण्याला अर्धी वाटी कूट आणि सोबत दही हे प्रमाण सोडू नये. रात्रभर चालून आलेल्या माणसाला ही खिचडी झटपट ताकद देते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने दोन बशा खाऊन तिला ‘हलकं’ म्हणू नये.

गैरसमज: भगर अंगाला बाधते, भगरीतच विष असतं.

वस्तुस्थिती: मराठवाड्यात नवरात्रात किंवा एकादशीला भगर खाऊन उलट्या, चक्कर, मळमळ झाल्याच्या बातम्या जवळपास दरवर्षी येतात. फेब्रुवारी 2024मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याच्या सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यावर शेकडो लोक आजारी पडले. झाडांना दोऱ्या बांधून, त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवून उपचार करावे लागले. अशा बातम्यांनंतर लोक भगरीलाच दोष देतात.

भगर हे साधं, सालस भरडधान्य आहे. घात होतो तो ओलाव्याने. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि काही बुरशी विषारी द्रव्यं तयार करतात. शिजवल्याने ती सगळी नाहीशी होतात असं नाही. अख्ख्या दाण्यापेक्षा पीठ ओलावा लवकर धरतं, म्हणून धोका पिठात जास्त. अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनाही याच दिशेच्या असतात: सुटी भगर किंवा तयार पीठ घेऊ नये, पाकिटावरची तारीख पाहावी, भगर निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळावी. कुबट वास आला, दाणे काळपट दिसले, तर मोह न ठेवता टाकून द्यावी. आणि शिजवलेली भगर पंगत बसेपर्यंत पातेल्यात तासन्‌तास ठेवू नये.

गैरसमज: उरलेला भात खणखणीत गरम केला की काही होत नाही.

वस्तुस्थिती: फोडणीचा भात हा घरोघरचा सर्वांत सोपा नाश्ता आणि दुर्लक्ष झालं तर सर्वांत फसवा. तांदळावर ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजताना ते मरत नाहीत. शिजलेला भात उबदार हवेत तसाच राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतले काही असं विष सोडतात, जे सकाळच्या कढईतल्या फोडणीलाही दाद देत नाही. पुन्हा तापवून जिवाणू मरतील, विष उरेल. उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या आपल्या भागात ओट्यावर राहिलेला भात म्हणजे त्यांना मोकळं रान.

उपाय सोपा आहे. उरलेला भात ताटात पसरून निववायचा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. शिळी भाकरी तुलनेने निर्धास्त, कारण ती कोरडी असते आणि ओलाव्याशिवाय जिवाणूंचं फावत नाही. मात्र भाकरीला बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढाच तुकडा तोडून बाकीची खाणं बरोबर नाही. बुरशीचे धागे ठिपक्याच्या पलीकडेही गेलेले असतात.

गैरसमज: ज्वारीत साखर नसते, मधुमेह्याने भाकरी कितीही खावी.

वस्तुस्थिती: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत 100 ग्रॅम ज्वारीला सुमारे 334 कॅलरी आणि 10 ग्रॅम प्रथिनं दिली आहेत, गव्हाच्या कणकेला सुमारे 320 कॅलरी आणि साडेदहा ग्रॅम प्रथिनं. तंतुमय भाग दोन्हींत 10-11 ग्रॅमच्या आसपास. लोहही दोन्हींत चार मिलिग्रॅमच्या घरात. लोह हवं असेल तर बाजरी दोघींच्या पुढे, जवळपास साडेसहा मिलिग्रॅम.

थोडक्यात, ज्वारी ही गव्हाची दुष्मन नाही आणि मधुमेहावरचं औषधही नाही. तिच्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांच्यासाठी ती वरदान आहे. बाकीच्यांसाठी प्रश्न उरतो तो किती भाकरी आणि कशाशी. दोन भाकरी आणि चिमूटभर लोणचं, यापेक्षा एक भाकरी, वाटीभर पिठलं आणि अंबाडीची भाजी हे जेवण साखरेच्या दृष्टीनेही बरं.

गैरसमज: भाकरी जमायला सराईत हात लागतो, नव्या मुलांना ते व्हायचं नाही.

वस्तुस्थिती: ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसल्यामुळे कणकेसारखा चिकटपणा येत नाही, भाकरीला चिरा पडतात आणि हौस तिथेच संपते. त्यावर उकड हा जुना तोडगा आहे. जेवढं पीठ तेवढं पाणी मीठ घालून उकळायचं, त्यात पीठ टाकून ढवळायचं, गॅस बंद करून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवायचं आणि कोमट असताना मळायचं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ बांधून धरतो. अशी भाकरी पोळपाटावर लाटताही येते. होस्टेलवर राहणाऱ्या पोरांनाही जमते.

गैरसमज: सुशीला म्हणजे मुरमुरे, मुरमुरे म्हणजे हवा, कितीही खा.

वस्तुस्थिती: मुरमुरे हा तांदूळच आहे. फुललेला असल्याने डोळ्यांना भरपूर दिसतो. वजन करून पाहिलं, तर 100 ग्रॅम मुरमुरे आणि 100 ग्रॅम तांदूळ यांच्या कॅलरींत फार अंतर नाही. फक्त 100 ग्रॅम मुरमुऱ्यांनी मोठं पातेलं भरतं. सुशीला पोटाला आधार देते ती डाळ्याच्या कुटामुळे. भिजवून पिळलेले मुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी, वर सढळ हाताने डाळ्याचं आणि शेंगदाण्याचं कूट, शेवटी लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व धान्यातलं लोह अंगी लागायला मदत करतं. त्यावर लगेच कपभर चहा घेतला, तर चहातली टॅनिनं तेच लोह अडवतात. चहा तासाभराने घ्यावा.

गैरसमज: शेंगदाण्यांनी कोलेस्टेरॉल वाढतं आणि ठेच्याने अल्सर होतो.

वस्तुस्थिती: कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून आलेल्या अन्नात असतं. शेंगदाण्यात ते नसतंच आणि त्यातली बरीचशी चरबी असंपृक्त प्रकारची असते. कॅलरी मात्र भरपूर, म्हणून मूठ पुरे. भीती बाळगायची ती खवट, सुरकुतलेल्या, बुरशी लागलेल्या दाण्यांची, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि ते यकृताला घातक आहे. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. चटणी कुटण्याआधी दाणे निवडायचे ते यासाठी.

अल्सरचं बहुतांश खापर ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूवर आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरावर फुटतं. हा जिवाणू 1982मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना 2005चं नोबेल मिळालं. ज्याला आधीच जळजळ होते, त्याला ठेचा त्रास देईल. निरोगी माणसाला तो अल्सर देत नाही.

गैरसमज: नान-खलिया तुघलकाच्या फौजेत शिजायचा, तसाच्या तसा आज मिळतो.

वस्तुस्थिती: मुहम्मद बिन तुघलकाने 1327मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, हा इतिहास. त्या फौजेसाठी मोठ्या हंड्यांत रस्सा आणि भट्टीत नान होत असे, ही सांगोवांगी चालत आलेली कथा. ती खरी धरली, तरी आजचा लालभडक खलिया तेव्हाचा असणं शक्य नाही. मिरची भारतात आली ती वास्को द गामा 1498मध्ये कालिकतला उतरल्यानंतर. तुघलक त्याआधीच, 1351मध्ये वारला होता. खुलताबादेत ज्यांचा दर्गा आहे ते बुऱ्हाणुद्दीन गरीब त्याच स्थलांतराच्या काळात दिल्लीहून इकडे आले. त्यांच्या काळातल्या रश्श्याला तिखटपणा होता तो मिऱ्याचा आणि आल्याचा. रोजच्या घरात हा बेत अवघडही नाही: मटणाचा रस्सा घरी करायचा आणि नान भट्टीवरून आणायचे.

घरचं खाणं चांगलं असतं, कारण त्यात काय घातलंय हे आपल्याला माहीत असतं. पण साठवण, प्रमाण आणि जोडी या तीन गोष्टी चुकल्या, तर घरचं असणं कामी येत नाही. येत्या उपवासाआधी एवढंच करा: भगरीचा आणि शेंगदाण्यांचा डबा उघडा, हाताने चाळा, वास घ्या आणि शंका आली तर टाकून द्या.