दोन खुर्च्यांपासून शीशमहालापर्यंत

रंगमंचावर दोन टेबले, दोन खुर्च्या आणि हातात पत्रांचे कागद. नट एकमेकांकडे पाहतही नाहीत, फक्त पत्रे वाचतात. १९९२ साली मुंबईत आलेले ‘तुम्हारी अमृता’ हे नाटक एवढ्याच सामानावर उभे होते. जावेद सिद्दीकी यांची उर्दू लेखणी, शबाना आझमी व फारूख शेख यांचा आवाज आणि दिग्दर्शन फिरोज अब्बास खान यांचे. झुल्फिकार आणि अमृता यांची ही पत्रे लोकांनी वीस वर्षांहून अधिक काळ ऐकली. डिसेंबर २०१३ मध्ये आग्र्यात ताजमहालाच्या सान्निध्यात प्रयोग झाला आणि त्याच महिन्यात फारूख शेख अल्लाहला प्यारे झाले.

याच दिग्दर्शकाने २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणले. इथे सारेच उलट. मनीष मल्होत्रांचे पोशाख, मयूरी उपाध्याय यांनी बसवलेले कथक, मागे प्रकाशचित्रांतून उभे राहणारे महाल. पण गाणी ध्वनिमुद्रित नाहीत. कलाकार नाचता-बोलताना स्वतः गातात. अनारकली साकारणाऱ्यांत आपली मराठी गायिका प्रियांका बर्वे आहे. मुळात इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये ‘अनारकली’ हे नाटक लिहिले, १९६० मध्ये के. आसिफ यांनी तिची कहाणी पडद्यावर नेली आणि खान यांनी ती पुन्हा रंगमंचावर आणली.

डोळे दिपवणे एवढेच त्यांचे काम असते, तर आम्ही हे लिहिले नसते. दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवरून अजित दळवी यांनी मराठीत ‘गांधी विरुद्ध गांधी’ लिहिले. तीच बाप-लेकाची कथा खान यांनी आधी रंगमंचावर आणि २००७ मध्ये ‘गांधी, माय फादर’ या चित्रपटात मांडली. १९३६ मध्ये हरिलाल काही काळ मुसलमान होऊन अब्दुल्ला झाले होते. या प्रसंगावर दोन्ही बाजूंनी केवढा गवगवा झाला! चित्रपटात मात्र दिसतो तो वडिलांपासून तुटलेला एक दुःखी मुलगा. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

२०१४ चा ‘देख तमाशा देख’ तर आपल्या दाराशीच येतो. लेखन आपले मराठी नाटककार शफाअत खान यांचे. पुढाऱ्याच्या फलकाखाली चिरडून एक गरीब माणूस मरतो आणि त्याला दफन करायचे की दहन, यावर गाव पेटते. मय्यत बाजूलाच राहते, घरची माणसे बाजूलाच राहतात. चित्रपट हसवतो आणि हसता हसता मान खाली घालायला लावतो.

आपल्या घरांत मुलाने नाटकाचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. पोटापाण्याची काळजी खोटी नाही. पण शुद्ध उर्दू आज हजारो गैरउर्दू प्रेक्षक तिकीट काढून ऐकतात, ती याच रंगमंचावर. आपली जबान, आपली दुखणी आणि आपली तहजीब दुसऱ्यांपर्यंत सन्मानाने पोहोचवणारे हे काम आहे. मुलाला परवानगी द्यायची की नाही, ते घराघराने ठरवावे. निदान एकदा सहकुटुंब नाटकाला जाऊन मग ठरवावे, एवढेच आमचे सांगणे.